हिवरघाटचं माजघर

१

मानमोडीच्या तापाच्या साली माजलगावात घरटी एक तिरडी निघाली. आसाराम मुनशीच्या दारातून तिरडी निघाली नाही. सहा वर्षांच्या पोरीला तिरडी लागत नाही, बाप दोन हातांवर घेऊन जातो. छबूला सिंदफणा नदीच्या काठी ठेवून तो परत आला तेव्हा मुक्ताबाई उंबऱ्यात बसली होती. "पाणी देऊ का?" त्यानं विचारलं. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. पुढं दोन वर्षं तो आला नाही.

आसाराम तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या नकला उतरवायचा. अक्षर सरळ आणि अक्कलही सरळ. देवऋषी, अंगारे, लिंबू यांतलं काही त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, मुक्ताची मुकी झाली. त्यानं ते ऐकून सोडून दिलं आणि तो एकट्यानं दोघांचं बोलायला शिकला. प्रश्न विचारायचा, थांबायचं, तिच्या तोंडाकडं बघायचं आणि म्हणायचं, "बरं बरं, तसं करू." पहिले सहा महिने ते त्याला रडू आणायचं. मग सवय झाली. आणि मग, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, त्यात एक गोडी आली. लोकांच्या बायका दिवसभर बोलत असतात आणि नवरे ऐकत नसतात. त्याला मात्र बायकोची पापणी हलली तरी कळायचं.

नांदेडला एक हकीम गेलेला आवाज परत आणतो असं कचेरीत कुणी सांगितलं. भादवा होता. काळ्या रानातून गाडी हाकायची तर चाकं आखापर्यंत रुतत होती. म्हणून दोघं मंजरथच्या घाटावर नावेत बसली. गंगा, तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, दोन्ही काठ भरून चालली होती. नावेत गुळाच्या ढेपी, दोन कोष्टी, एक लेकुरवाळी बाई आणि तिची सासू. मुक्ताबाई हिरवं लुगडं नेसली होती आणि पाण्यात हात सोडून बसली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ती कशाकडं तरी मन लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव हिवरघाटला लागली. धुळाजी नावाड्यानं दोर खुंट्याला गुंडाळला आणि हाळी दिली.

"आजचा दिस हितंच! शीड फाटलंय, शिवावं लागंल. सैपाक करा, न्हावा-धुवा, बाजार करा. दिस कासराभर ऱ्हायला की नाव सुटंल. मागं ऱ्हाईल त्याच्यासाठी थांबणार न्हाई बरं का, आधीच सांगून ठिवतो!"

२

हिवरघाट म्हणजे वीस पायऱ्या, वर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं, नाक्यात झोपाळलेला शिपाई, आणि पुढं एक सरळ गल्ली. कासाराचं दुकान, वाण्याचं दुकान, एक लहानशी मशीद. अशी गावं आसारामनं पन्नास पाहिली होती.

नावेतली माणसं वच्छलाबाईच्या घरी सैपाक करतात असं धुळाजीनंच सांगितलं. गल्लीच्या तोंडाला घर. म्हातारी अंगणात सुपात ज्वारी घेऊन बसलेली. आत ओसरी, ओसरीवर चूल, आणि मागं माजघर. माजघराच्या दाराला फळ्या नव्हत्या, जुन्या लुगड्याचा पडदा सोडलेला होता.

"चूल वसरीवरच हाय," वच्छलाबाई म्हणाली. "माजघरात काय न्हाई. दाण्याच्या कणग्या हायत. इळभर बसा निवांत, लोक बसत्यात."

"माझी बायको बोलत नाही," आसाराम म्हणाला. नव्या माणसाला हे तो आधीच सांगून टाकायचा. "ऐकू येतं तिला. पण बोलत नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

मुक्ताबाईनं पीठ काढलं. तो बाजारात गेला. मीठ, वांगी, लेकुरवाळीच्या पोराला मूठभर फुटाणे. घटकाभरात परत आला. मुक्ताबाई भाकरी थापत होती, चुलीच्या धुरानं डोळे लाल झाले होते. वच्छलाबाई अंगणात जागची हलली नव्हती.

"लई गोड बोलती तुमची बायकू," ती म्हणाली.

आसाराम थांबला.

"कुणाशी बोलली?"

"माज्याशी न्हाई. बोलत होती आपली. छबूचं सांगत होती. चिचा खाऊन दात आंबल्यावर पोर कशी तोंड करायची ते. मला लई हसू आलं."

त्याच्या हातातलं वांगं खाली पडलं. तो ओसरीवर चढला आणि मुक्ताबाईपुढं उकिडवा बसला. "तू बोललीस?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. भाकरीचा हात तसाच हवेत. डोळ्यांत नुसतं नवल. तिनं मान हलवली, नाही.

आसाराम विचार करणारा माणूस. छबूचं नाव म्हातारीला कसं कळलं? नावेतली सासू पाणी मागायला आली असेल, बायका बोलल्या असतील. पण चिंचांचं? ते मुक्ताबाईनं कुणाला सांगितलं असेल? दोन वर्षांत तर कुणालाच नाही. मग त्याआधी कधीतरी मंजरथच्या कुणा माहेरवाशिणीला सांगितलं असेल, तिनं नावेतल्या सासूला... अशी एकेक कडी तो जोडत गेला. साखळी लांब झाली, पण तुटली नाही. तो जेवला.

३

जेवण झाल्यावर मुक्ताबाईनं धुण्याचा बोळा उचलला आणि नदीकडं हात दाखवला.

"जा. मी पडतो जरा. लवकर ये."

ओसरीवर ऊन तिरपं पडलं होतं. चुलीतली राख पांढरी झाली होती. त्याचा डोळा लागला.

जाग आली ती हसण्यानं.

हसू माजघरातून येत होतं. आधी नाकातून बारीक सूं, मग आवाज फुटायचा, मग शेवटी "अगं बाई" म्हणून श्वास टाकायचा. असं जगात एकच माणूस हसत होतं. आसाराम उठून बसला.

"...तर हे तेलगावच्या बाजारात चुकले," आत मुक्ताबाईचा आवाज बोलत होता. "लग्नाला म्हैनाबी झाला नव्हता. मी एकटी उभी चाराण्याच्या बांगड्या भरून. आन् हे मला हुडकत हुडकत दुसऱ्याच बाईमागं गेले, तिच्या घरापत्तोर! अगं बाई..."

खरं होतं. अगदी असंच झालं होतं. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

तो रडायला लागला. तोंडावर उपरणं दाबून, आवाज न करता. आत जाऊन तिला जवळ घ्यावं असं त्याला वाटलं, पण भीती वाटली. झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये म्हणतात. मधेच गेलो आणि आवाज पुन्हा बंद झाला तर? बोलू दे. दोन वर्षांचं साठलंय, निघू दे. नदीवरून लवकर आली असेल, मी झोपलेला पाहून म्हातारीपाशी आत बसली असेल. हकिमाची गरज नाही. उद्याच माघारी फिरू.

आवाज बोलत राहिला. छबूचा पहिला दात. पहिली उष्टावण. आसाराम भिंतीला डोकं टेकून ऐकत होता, तहानलेल्या गुरानं पाण्याला तोंड लावावं तसा. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आत दुसरं कुणीच बोलत नाही. हुंकार नाही. आणि वच्छलाबाई समोर अंगणात बसली होती, सूप मांडीवर घेऊन. ती मघापासून तिथंच होती.

मग दारात सावली आली.

मुक्ताबाई नदीवरून आली होती. खांद्यावर पिळलेलं धुणं, लुगड्याचा काठ ओला, कपाळावर घाम. तिनं त्याच्याकडं बघून भुवया उचलल्या. रडताय कशाला?

आत तिचा आवाज म्हणाला, "आन् एकदा काय झालं..."

४

आसाराम समोरच्या बाईकडं बघत होता आणि पाठीमागून तिचाच आवाज ऐकत होता. त्याला वाटलं आपण अजून झोपेत आहोत. त्यानं मनगटाला चिमटा घेतला. दुखलं.

मुक्ताबाईलाही ऐकू आलं होतं. तिच्या तोंडाचा रंग उतरला. धुणं खांद्यावरून घसरून ओसरीवर पडलं. तिनं पुढं येऊन त्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी त्याच्या हाडाला रुतली. आणि दाराकडं ओढू लागली.

आतला आवाज थांबला. मग अगदी साधा, रोजचा, सैपाकघरातून यावा तसा आला.

"अहो, बाहेर काय बसलाव? आत या की."

आसारामच्या पायांनी एक पाऊल टाकलं. कुठल्या दिशेला ते त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. मुक्ताबाईनं त्याला मागं खेचलं एवढं खरं.

"येत न्हाईत बघ," आवाज लाडानं म्हणाला. "छबे, जा गं. बापाला हाताला धरून आन."

आत तोरड्या वाजल्या.

छबूच्या पायांतल्या तोरड्या आसारामनं स्वतःच्या हातांनी काढल्या होत्या. तापानं पाय सुजले होते, तेल लावून काढाव्या लागल्या. त्या माजलगावी पेटीत होत्या. आणि इथं त्या एकेक पाऊल टाकत पडद्याकडं येत होत्या. तशाच, डावा पाय जरा ओढून.

पडद्यापाशी येऊन त्या थांबल्या. जुनं लुगडं आतून पुढं आलं. कमरेइतक्या उंचीवर, कुणीतरी तोंड टेकून बाहेरचा कानोसा घ्यावा तसं.

मनगटावरची पकड सुटली.

"मुक्ता, नको!"

तिनं ऐकलं नाही. कुठली आई ऐकेल? तिनं पडदा सारला आणि ती आत गेली. पडदा खाली आला. सगळं एकदम गप्प झालं. आवाज नाही, तोरड्या नाहीत, काकणं नाहीत.

आसाराम किती वेळ उभा होता? चार श्वास असतील. पुढं आयुष्यभर त्यानं त्या चार श्वासांसाठी स्वतःला माफ केलं नाही. मग तो आत घुसला.

आत काळोख होता, बाहेर एवढं ऊन असून. खिडकी नव्हती, दुसरं दार नव्हतं. जुन्या ज्वारीचा वास. कणग्या माणसांसारख्या ओळीनं उभ्या. "मुक्ता! मुक्ता!" तो चाचपडत होता. कणगीचा खरबरीत कूड, भिंत, पुन्हा कणगी. मग हाताला हात लागला. पहिला हात लागला तो त्यानं धरला आणि बाहेर ओढत आणला.

मुक्ताबाईच होती. हिरवं लुगडं, कपाळावर घाम. खाली बघत होती.

"झाली का भेट?" वच्छलाबाईनं विचारलं. "कावून घाबरताव एवढं? बसा की आजून. लोक बसत्यात."

तो उत्तर द्यायला थांबला नाही.

५

सूर्य अजून बराच वर होता, तरी आसाराम तिला घेऊन नावेत जाऊन बसला. कोष्टी आले, सासू-सून आल्या. धुळाजीनं शिवलेलं शीड वर चढवलं, दोर सोडला आणि बांबूनं नाव ढकलली. घाट हळूहळू दूर जाऊ लागला. आसारामनं बायकोचा हात सोडला नव्हता. सुटलो, असं तो मनात म्हणत होता.

तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, धुनं तितंच ऱ्हायलं."

लेकुरवाळी ओरडली, "आत्याबाई, ही बाई बोलली!" सासूनं दोन्ही हात जोडले. धुळाजी बांबू तसाच धरून हसला. "गंगामाई पावली, मुनशी! हकिमाकडं जायच्या आधीच पावली!"

सगळे आसारामकडं बघत होते. त्याच्या तोंडावर आनंद दिसावा म्हणून. त्यानं मान फिरवली आणि मागं पाहिलं.

घाटाच्या वरच्या पायरीवर एक बाई धावत येऊन थांबली होती. हिरवं लुगडं. दोन्ही हातांनी ओलं धुणं छातीशी धरलेलं. तिचं तोंड उघडं होतं. पूर्ण उघडं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मान पुढं आलेली, सगळ्या अंगानं ती ओरडत होती. आणि पाण्यावरून काहीही ऐकू येत नव्हतं. पाण्याचा आवाज येत होता, मशिदीवरच्या कबुतरांचा येत होता.

नाव फार लांब गेली नव्हती. धुळाजीचा बांबू अजून तळाला टेकत होता. थांबव, एवढा एक शब्द पुरला असता. तो शब्द आसारामच्या ओठांवर आला होता.

"अहो," शेजारून मुक्ताबाईचा आवाज आला. दोन वर्षं ज्याच्यासाठी त्यानं उशीत तोंड खुपसलं तो आवाज. "तिकडं काय बघायलाव? माज्याकडं बघा की."

त्यानं तिच्याकडं पाहिलं.

परत मागं वळला तेव्हा नदीनं वळण घेतलं होतं.

६

नांदेडच्या हकिमानं गळा तपासला आणि हसून सांगितलं, यात तर काहीच बिघाड नाही. दोघं माजलगावला परतली. गल्लीनं मुक्ताबाईची ओटी भरली. घर बोलण्यानं भरून गेलं.

ती चांगली होती. सैपाक तोच, चाल तीच, हसणं तेच. आसारामनं स्वतःला समजावलं. दुपारची झोप, उन्हाचा कडाका, घाटावर कुणी दुसरीच बाई असेल, हिरवं लुगडं काय एकच विणलं जातं? साखळी जोडत त्यानं दिवाळी गाठली.

दिवाळीच्या पहाटे तेल लावताना तो सहज म्हणाला, "गेल्या दिवाळीला तू माझ्या तळहातावर बोटानं छबूचं नाव लिहिलं होतंस. आठवतं?"

ती हसली. "मला कुठं लिव्हता येतंय?"

"मी शिकवलं होतं. मुकी झालीस तेव्हा."

"तर तेलगावच्या बाजारात काय झालं," ती म्हणाली, "हे मला हुडकत हुडकत..."

त्यानं तिला मग खूप विचारलं. मानमोडीच्या आधीचं सगळं तिला ठाऊक होतं, बारीकसारीक. पण ती दोन वर्षं तिच्यापाशी नव्हतीच. चुलीपुढं न बोलता बसलेल्या संध्याकाळी, तळहातावरची अक्षरं, पापणीनं दिलेली उत्तरं, काही नाही. ती वर्षं जिच्यापाशी होती ती हिवरघाटच्या पायरीवर उभी होती, आणि त्यानं तिच्याकडं पाठ केली होती.

पौषात वाटा सुकल्या. त्यानं आश्रुबा गाडीवानाला सांगितलं, हिवरघाटला नात्यातली एक बाई आहे, तिला आणायचंय. निघताना घरातलीनं कुठं जाताय असं विचारलं नाही. ती चुलीपाशी बोलत होती. तो वेशीपर्यंत गेला तरी त्याला ते ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पोचली. गंगा आटून पात्राच्या मधोमध गेली होती. आश्रुबानं हिवराच्या झाडाखाली बैल सोडले. आसाराम एकटाच गल्लीत शिरला. वच्छलाबाई अंगणात बसली होती.

"बसा," ती म्हणाली.

तो ओसरीवर बसला. चूल थंड होती. पडदा सरळ लोंबत होता.

"मुक्ता," तो हळू म्हणाला. "मी आलोय."

काही नाही. त्याला स्वतःचाच राग आला. जिला बोलता येत नाही ती आतून ओ कशी देणार? काय कानावर पडायची वाट बघत होता तो? तो उठून पडद्याजवळ गेला. आत जायचं, प्रत्येक कणगीमागं हात घालायचा, आणि या वेळी हात ओळखून धरायचा, असं ठरवून तो आला होता. त्यानं पडद्याला बोट लावलं.

आत एक पुरुष बोलला.

"दमलीस का?" तो मायेनं विचारत होता. मग थांबला. कुणाच्या तरी तोंडाकडं बघायला लागतो तेवढाच वेळ थांबला. "बरं बरं. तसं करू." पुन्हा थोडं थांबणं. मग तो हलकेच हसला.

आसारामनं आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. तरी तो ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. पडद्याच्या खाली, उंबऱ्याच्या पलीकडं दोन पावलं दिसली. एक हिरव्या काठाखालचं, धुळीनं माखलेलं, ओळखीचं. आणि त्याला लागून, त्याच्याच आधारानं टेकलेलं, दुसरं. ते पुरुषाचं होतं.

बोट पडद्यावर किती वेळ होतं कुणास ठाऊक. शेवटी त्यानं ते काढून घेतलं.

आश्रुबा गाडीपाशी विडी ओढत बसला होता. आसारामला एकट्यालाच येताना पाहून तो उठला.

"काय झालं, मुनशी? बाई कुठंय? गाठ पडली न्हाई का?"

आसाराम गाडीत चढला. जुवाकडं बघत बसला.

"न्हाई येत ती," तो म्हणाला. "बरी हाय. तिचा मालक हाय तिच्यापाशी."